भाड्याने द्यायला म्हणून दुसरा फ्लॅट घ्यावा का? (कागदपत्रं, टॅक्स आणि इतर डोकेदुखी)

अर्धाकप_चहा
नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होतो, पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.
पुण्यात राहतो. स्वतःच्या घराचं कर्ज मागच्या वर्षी फिटलं, हातात पंचवीसेक लाख आहेत आणि बायको, सासरे आणि ऑफिसातला एक मित्र तिघांचं एकच टुमणं चालू आहे की दुसरा फ्लॅट घे, भाड्याने दे, हप्ता भाडेकरूच भरेल. वारज्यात एक टू बीएचके बघितलाय, रीसेल, मालक ७० लाख सांगतोय. ब्रोकरच्या म्हणण्याप्रमाणे भाडं २२ हजार कुठे गेलं नाही. उरलेलं ५० लाख कर्ज काढावं लागेल.
कायद्याच्या बाजूने काय बघायचं, टॅक्स कसा लागतो, आणि मुळात हे परवडतं का? ज्यांनी केलंय त्यांचे अनुभव हवेत. मला अगदीच अनुभव नाही असं नाही, वडिलांची शनिवार पेठेत वन रूम किचन आहे ती बरीच वर्षं भाड्याने दिलेली आहे, पण ते सगळं बाबा बघायचे.

खडूस_खारूताई
"हप्ता भाडेकरूच भरेल" हे वाक्य फ्रेम करून हॉलमध्ये लावा. ५० लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं म्हणजे हप्ता होतो ४३,४०० च्या आसपास. भाडेकरू निम्मा भरेल, निम्मा सासऱ्यांकडून घ्या.

गच्चीवरचा
😂😂 सासरे जामीनदार.

हिशोबी_माणूस
थट्टा बाजूला ठेवून आकडे मांडतो कारण हे गणित मी स्वतः दोनदा केलंय, एकदा घेण्याआधी (चुकीचं) आणि एकदा घेतल्यावर (रडत).
७० लाख किंमत. पुणे मनपा हद्दीत स्टॅम्प ड्युटी ७ टक्के म्हणजे ४ लाख ९० हजार, वर नोंदणी फी ३० हजार. घर बायकोच्या एकटीच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत आहे, ७० हजार वाचतात, पण लगेच उड्या मारू नका. रीसेल आहे त्यामुळे जीएसटी नाही, बांधकाम चालू असतं तर ५ टक्के तो. गीझर, पंखे, ट्रॉल्या, रंग यात अडीच लाख कुठे जातात कळत नाही. झाले ७७ लाख ७०.
आता उत्पन्न. वर्षात एक महिना घर रिकामं राहतंच, तेव्हा ११ महिने धरा, २ लाख ४२ हजार. त्यातून सोसायटी मेंटेनन्स ३६ हजार, मिळकतकर १६ हजार धरू, भाडेकरू बदलला की ब्रोकरला एक महिन्याचं भाडं, किरकोळ दुरुस्ती १० हजार. हातात १ लाख ५८ हजार. ७७ लाखांवर हे पडतात दोन टक्के. सेव्हिंग अकाउंटला हसू नका.
म्हणजे भाड्यासाठी घर घेणं असं काही नसतंच, किंमत वाढेल या आशेवर घर घेतो आपण, आणि वाट बघता बघता चहापाण्यापुरतं भाडं येतं. ती आशा असेल तर घ्या, माझं काही म्हणणं नाही.

मोडका_जिना
हिशोबीराव, तुमच्या हिशोबात किंमतवाढ शून्य धरलीय. आम्ही २००६ ला कोथरूडमध्ये घेतलेला आज किती पट झालाय ते सांगितलं तर नजर लागेल. शिवाय शेअर बाजारातले पैसे माणूस घाबरून काढतो, फ्लॅट घाबरून विकता येत नाही हाच त्याचा फायदा. माझ्या मेव्हण्याने २०२० च्या मार्चमध्ये सगळे फंड विकले होते, त्याच्याकडे फ्लॅट असता तर आज तो माझ्याशी बोलला असता.

हिशोबी_माणूस
@मोडका जिना, २००६ चं पुणं परत आणून द्या, मीही घेतो.

कलम_बहाद्दर
(पेशाने कर सल्लागार. हे सर्वसाधारण आहे, तुमच्या सीएला विचाराच.)
टॅक्सचं सोपं करून सांगतो. मिळालेल्या भाड्यातून तुम्ही त्या वर्षी स्वतः भरलेला मिळकतकर वजा होतो. उरलेल्याच्या ३० टक्के सरसकट वजावट, तुम्ही दुरुस्तीवर रुपया खर्च करा की लाख करा. सोसायटीचा मेंटेनन्स वेगळा मागता येत नाही, तो त्या ३० मध्येच आला असं समजायचं. त्यानंतर कर्जाचं व्याज.
वरचेच आकडे घेऊ. २,४२,००० वजा १६,००० म्हणजे २,२६,०००. त्याचे ३० टक्के ६७,८०० गेले, उरले १,५८,२००. पहिल्या वर्षी व्याज साधारण ४ लाख २१ हजार. म्हणजे कागदावर २ लाख ६२ हजारांचा तोटा. जुनी करप्रणाली घेतलीत तर त्यातले २ लाख पगारातून वळते करता येतात आणि उरलेले पुढची ८ वर्षं घरभाड्याच्या उत्पन्नातूनच. नवीन प्रणालीत असाल तर व्याज भाड्याला खाऊन टाकेल, भाड्यावर टॅक्स लागणार नाही, पण पगाराला हात लावता येत नाही. बहुतेक लोक आता नवीन प्रणालीत आहेत आणि ब्रोकर अजून जुन्या प्रणालीचा हिशोब तोंडावर फेकतो.
बायकोच्या नावाचं: पैसे तुमचे आणि नाव तिचं असेल तर भाडं तुमच्याच उत्पन्नात धरतात. तिच्या खात्यात जमा होऊ दे नाहीतर तिच्या डब्यात. स्टॅम्प ड्युटीत ७० हजार वाचवायचे असतील तर जरूर वाचवा, त्याने आयकर वाचेल या भ्रमात राहू नका.

चिंचेचं_पान
आणि भाडं रोखीत घेऊन लपवायचं म्हणणारे पण भेटतात. भाडेकरू नोकरीवाला असेल आणि भाडं वर्षाला लाखाच्या वर असेल तर एचआरए (पगारातला घरभाडे भत्ता) साठी तो ऑफिसात तुमचा पॅन देतोच. मग आयकर खात्याचा मेसेज येतो की काका, हे काय.

शेजारणीची_मांजर
सोसायटीचं कोणी लिहिलं नाही अजून. आमच्या सोसायटीने भाडेकरू ठेवला म्हणून महिना दोन हजार वेगळे लावले होते, शिवाय सेक्रेटरींना भाडेकरूची मुलाखत घ्यायची होती. १ ऑगस्ट २००१ चा शासन आदेश आहे, बिनवापर शुल्क म्हणजे नॉन ऑक्युपन्सी चार्जेस हे सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, आणि सेवाशुल्क म्हणजे अख्खं बिल नव्हे, मनपाचा कर त्यात धरायचा नाही. मुंबई हायकोर्टाने पण हा आदेश उचलून धरलाय, माँ ब्लाँ सोसायटीचा निकाल म्हणून शोधा. मी प्रिंट काढून मीटिंगला घेऊन गेले. पुढच्या महिन्यापासून दोनशे दहा रुपये लागले आणि सेक्रेटरींनी लिफ्टमध्ये बोलणं बंद केलं, दोन्ही फायदे.

वन_बीएचकेतला_भाडेकरू
आता आमची बाजू. मालक लोकांनो, डिपॉझिट परत करायची वेळ आली की भिंतीवरचा खिळा तुम्हाला दिसतो, आम्ही आलो तेव्हा बाथरूमला ओल होती ती दिसत नाही. मागच्या घरी एक लाख डिपॉझिटमधून रंगाचे ३५ हजार कापले. आम्ही दोन वर्षं राहिलो, रंग आपोआपच जुना होणार ना. वर "बॅचलर नको, कुत्रा नको, रात्री दहानंतर पाहुणा नको". मग कोण पाहिजे, फोटो?

उंबरठा
+१. मी मालकही आहे आणि भाडेकरूही (नोकरी दुसऱ्या शहरात). दोन्हीकडे एकच करते, चावी देता-घेताना मोबाईलवर घरभर फिरून व्हिडिओ, नळ सोडून, फ्लश ओढून, मीटरचं रीडिंग दाखवत, आणि तो व्हिडिओ लगेच दोघांच्या व्हॉट्सॅपवर. मागच्या वेळी भाडेकरूने बेसिनच्या खालचा तडा व्हिडिओत दाखवला म्हणून आमचं भांडण झालं नाही, नाहीतर मी नक्की त्याच्याच माथी मारला असता. रंगाचं करारातच लिहून टाका, किती आणि कोणी.
लाईटबिल शेवटचं भरलंय का ते डिपॉझिट परत देण्यापूर्वी बघा, मी तीन महिन्यांचं भरलंय.

मोडका_जिना
डिपॉझिटला केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात दोन महिन्यांची मर्यादा आहे ना?

वकिलीणबाई
तो नमुना आहे. राज्याने स्वीकारला तर लागू. आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चालतो. त्याचं कलम ५५ सगळ्या मालकांनी पाठ करावं: करार लेखी हवा आणि नोंदणीकृतच हवा, मग तो ११ महिन्यांचा असो की ३ वर्षांचा, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. "११ महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही" हे दुसऱ्या राज्यांत ऐकलेलं इथे आणून लोक फसतात. नोंदवला नाही आणि वाद झाला तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या खऱ्या धरतात, उलटं सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. शिवाय तीन महिने कैद किंवा पाच हजार दंड किंवा दोन्ही.
नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. परत लिहिते. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे.
@अर्धाकप चहा, तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये शनिवारातल्या खोलीचा एका ओळीत उल्लेख आहे. त्याचा करार कसला आहे?

अर्धाकप_चहा
सगळ्यांचे खूप आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं.
वकिलीणबाई, खरं सांगू का, तुमचा प्रश्न वाचून कपाट उघडलं. शंभर रुपयांचा स्टॅम्पपेपर, नोटरीचा शिक्का, ११ महिने. तारीख ११ वर्षांपूर्वीची. त्यानंतर काहीच नाही. भाडेकरू काका रिटायर्ड आहेत, एकदम सज्जन, ९ हजार भाडं दर महिन्याच्या दोन तारखेला जमा होतं. डिपॉझिट ५० हजार. बाबा तीन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून भाडं माझ्या खात्यात येतं.

खडूस_खारूताई
अगं बाई. वारजे सोडा, शनिवारात आग लागलीय.

गच्चीवरचा
११ वर्षं!! अजून एक वर्ष गेलं की १२, आणि १२ वर्षांनी घर त्यांच्या नावावर होतं. उद्याच्या उद्या बाहेर काढा.

वकिलीणबाई
गच्चीवरचा, प्लीज. तुमच्या परवानगीने राहणारा माणूस १२ काय ४० वर्षं राहिला तरी प्रतिकूल कब्जा (नुसतं वर्षानुवर्षं बसून मालकी मिळवणं) होत नाही. मालकी नाकारून उघडपणे कब्जा सांगावा लागतो, दर दोन तारखेला भाडं भरणारा माणूस तर दर महिन्याला तुम्हाला मालक म्हणून मान्य करतोय.
खरी भीती वेगळी आहे. नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरती फक्त राहायची परवानगी, भाडेकरूचे हक्क नाहीत) असेल आणि मुदत संपूनही माणूस हलला नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. लेखी लायसन्स करार तिथे निर्णायक पुरावा. समोरच्याला लढायलासुद्धा आधी ३० दिवसांत परवानगी मागावी लागते, आणि मुदतीनंतर बसून राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई लागते. हा रस्ता फक्त राहण्याच्या जागेला आहे, दुकान-ऑफिसला नाही, गाळा घेणाऱ्यांनी हे वाचून घ्या.
तुमच्याकडे हा रस्ता आज धड नाही. उद्या काका किंवा त्यांचे वारस म्हणाले की आम्ही लायसन्सी नाही, भाडेकरूच आहोत, तर वर्षाला ४ टक्के भाडेवाढ आणि न्यायालयाच्या तारखा. काका सज्जन आहेत हे मान्य. कागद सज्जनांशी करायचा असतो, कारण दुर्जन सही करत नाहीत.
आणि कोणीही वीज-पाणी तोडणे, कुलूप बदलणे असले उद्योग करू नका, बाजी उलटते.

पाय_जमिनीवर
माझा अनुभव कलम २४ चा. करार नोंदवलेला होता. माणूस चार महिने भाडं न देता बसला, करार संपला तरी बसला. अर्ज केला, त्याने मुदतीत परवानगीच मागितली नाही, सात महिन्यांत ताबा मिळाला. सात महिने जास्त वाटतील, पण माझ्या सख्ख्या भावाचं नोटरीवालं प्रकरण सहावं वर्ष चालू आहे, भाचीचं लग्न त्या घरात करणार होते, तिला मुलगी झाली. न मिळालेलं भाडं ठरावीक अटी पाळल्या तर उत्पन्नात धरावं लागत नाही, तेवढाच दिलासा.

परदेशी_पाखरू
बाबा गेल्यावर जागा कोणाच्या नावावर आली? बहीण-भाऊ आहेत का?

अर्धाकप_चहा
आई आधीच गेली. मी आणि ताई, निम्मं-निम्मं. ताई न्यू जर्सीला असते.

परदेशी_पाखरू
वाटलंच. बसा आता.
एक, तिचा वाटा निम्मा तर निम्मं भाडं तिचं उत्पन्न, तीन वर्षं सगळं तुम्ही दाखवलंय (दाखवलंय ना?). दोन, करारावर तिचीपण सही हवी, नाहीतर तिचं मुखत्यारपत्र, आणि परदेशात केलेलं मुखत्यारपत्र इथे आल्यावर तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यावं लागतं. तीन, मालक अनिवासी असेल तर भाडेकरूने तिच्या वाट्यातून टीडीएस (भाडं देतानाच कापून सरकारात भरायचा कर) कापायचा, ३१.२ टक्के, पहिल्या रुपयापासून. निवासी मालकाला ५० हजारांच्या वर महिना भाडं असेल तर २ टक्के, ती मर्यादा आम्हाला नाही. त्यासाठी भाडेकरूला टॅन (कर कापणाऱ्याचा नंबर) काढावा लागतो. माझे ठाण्याचे दोन चांगले भाडेकरू हे ऐकूनच पळाले. साडेचार हजारांतून टीडीएस कापायला शनिवारातले काका टॅन काढतायत हे चित्र डोळ्यासमोर आणा.

चिंचेचं_पान
ताई वाटा सोडणार असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून मोकळे व्हा. पण तिला नीट समजावून, तिच्या मनाने. हक्कसोडपत्राच्या नंतर दिवाळीला न बोलणारी घरं पाहिलीत.

शेजारणीची_मांजर
अजून एक. शनिवार पुणे मनपात आहे, स्वतः राहणाऱ्याला मिळकतकरात ४० टक्के सवलत असते. भाड्याने दिलेलं असून बिलात ती सवलत येत असेल तर आज ना उद्या फरक मागतील. बिल बघा.

हिशोबी_माणूस
मूळ प्रश्नावर कोणी येणारे का? भाड्याच्याच उत्पन्नाची हौस असेल तर रीट आहेत (भाड्याच्या इमारती सांभाळणारे ट्रस्ट, त्यांचे युनिट शेअरसारखे घेता येतात), एम्बसीचा २०१९ ला लिस्ट झाला, मग माइंडस्पेस, ब्रुकफील्ड, नेक्सस. ऑफिसं आणि मॉलचं भाडं घरबसल्या, गळका नळ दुसऱ्याचा.

मोडका_जिना
रीटला गच्ची नसते. पावसाळ्यात पोरं कुठे भिजणार?

कलम_बहाद्दर
विकताना काय, ते राहिलं होतं. दोन वर्षांनंतर विकलं तर दीर्घकालीन नफा, २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के, महागाईचा निर्देशांक (खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरणं) नाही. त्या तारखेआधी घेतलेल्या घराला निवासी व्यक्तीला जुना २० टक्के निर्देशांकासह हा पर्याय आहे. म्हणजे मोडका जिना यांना पर्याय आहे, अर्धाकप यांना वारज्यात नसेल.

गच्चीवरचा
तेवढ्यासाठी जुना जिना बरा.

अर्धाकप_चहा
(साडेचार महिन्यांनी धागा वर काढतोय, क्षमस्व.)
डिसेंबरात ताई आली होती. घाबरत घाबरत विषय काढला. ती म्हणाली भाडं तुझंच ठेव, मला आजीचा तांब्याचा हंडा दे, न्यू जर्सीत कोपऱ्यात ठेवीन. दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा चिडली. दुय्यम निबंधकांकडे जाऊन हक्कसोडपत्र नोंदवलं. हंडा बॅगेत बसेना म्हणून तिच्या मांडीवर विमानात गेला.
मग काकांकडे गेलो. वाटलं होतं नोंदणीचं नाव काढलं की संशय घेतील. ते म्हणाले, अरे मी तुझ्या बाबांना तीनदा म्हटलं होतं, मला बँकेत पत्ता बदलायला नोंदलेला करारच लागतो. म्हणजे त्यांनाच जास्त गरज होती! भाडं साडेनऊ केलं, त्यांनीच आकडा सांगितला.
एजंट घरी आला, लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन. स्टॅम्प ड्युटी किती, तर ११ महिन्यांचं भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून त्या सगळ्याचा पाव टक्का, म्हणजे तीनशेच्या आत, वर नोंदणी फी हजार. एजंटचे धरूनही तीन हजार झाले नाहीत. एवढ्यासाठी बाबांनी ११ वर्षं टाळलं.
माझा अंगठा लगेच लागला. काकांचा लागेना. ७६ वर्षांचे, रेषा पुसट झालेल्या. एजंटने हात धुवायला लावले, लागेना. टॉवेलने घासले, लागेना. दुसऱ्या हाताचा, तर्जनी, मधलं बोट. काकू आतून खोबरेल तेलाची वाटी घेऊन आल्या, एजंट म्हणाला तेल नको यंत्र खराब होईल, काकू म्हणाल्या तुझ्या यंत्राला नाही रे, यांच्या बोटाला. शेवटी अनामिकेला हिरवा दिवा लागला तेव्हा आम्ही चौघांनी टाळ्या वाजवल्या. पोलिसांकडची भाडेकरूची माहिती पण तिथेच बसून ऑनलाइन भरली.
मिळकतकरात ४० टक्क्यांची सवलत चालूच होती (मांजरताई, दंडवत). अर्ज देऊन आलोय, फरकाचं बिल यायचंय.

खडूस_खारूताई
आणि वारजे?

अर्धाकप_चहा
मालकाकडे भोगवटा प्रमाणपत्राची (इमारत राहायला द्यायला हरकत नाही असा मनपाचा दाखला) प्रत मागितली, तो म्हणाला देतो देतो. अजून देतोय. सासऱ्यांना हा धागा वाचायला पाठवला, त्यांनी फक्त हंड्याचा भाग वाचलाय.